मार्शल, जॉन

(२४ सप्टेंबर १७५५ – ६ जुलै १८३५). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा चौथा सरन्यायाधीश, मुत्सद्दी व अमेरिकन संविधानाचा थोर भाष्यकार. १८०१ ते १८३५ अशी सलग चौतीस वर्षे तो सरन्यायाधीशपदावर होता. इतका प्रदीर्घ काळ हे पद अन्य कोणीही भूषविलेले नाही. त्याच्या नियुक्तीपूर्वी सर्वोच्च न्यायालय हे संघशासनाच्या तीन अंगांपैकी सर्वांत दुर्बल अंग समजले जाई. त्याच्या निधनाच्या वेळी संविधानाचा अर्थ अधिकारवाणीने सांगणारे पीठ म्हणून त्याला मान्यता मिळाली होती. हा पालट संविधानातील एखाद्या दुरुस्तीमुळे किंवा विधिमंडळाच्या कायद्यामुळे घडला नाही. तो न्यायनिर्णयांतील युक्तिवादाच्या बळावर घडला. ज्या संस्थेच्या हाती खजिना नाही आणि सैन्यही नाही, तिने आपला शब्द राज्यकर्त्यांकडून कसा मानून घ्यावा, या प्रश्नाचे एक उत्तर मार्शलच्या कारकीर्दीत सापडते. त्या उत्तराच्या मर्यादाही तेथेच दिसून येतात.

पूर्वायुष्य : मार्शलचा जन्म व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरील जर्मनटाउन या वस्तीत झाला. हा भाग पुढे फॉकिए परगण्यात समाविष्ट झाला. पंधरा भावंडांत तो सर्वांत मोठा. वडील टॉमस मार्शल हे भूमापक असून जॉर्ज वॉशिंग्टनचे स्नेही होते. आई मेरी रँडॉल्फ कीथ ही व्हर्जिनियातील प्रतिष्ठित रँडॉल्फ घराण्यातील होती. याच घराण्याच्या नात्याने टॉमस जेफर्सन हा मार्शलचा दूरचा चुलतभाऊ लागत असे. परंतु पुढे हे दोघे राजकारणात एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी बनले. मार्शलचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. काही काळ एका धर्मोपदेशकाच्या शाळेत व काही काळ घरीच पाद्री शिक्षकाजवळ त्याने अध्ययन केले. इंग्रज विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टन याच्या इंग्लंडच्या कायद्यावरील भाष्यग्रंथाचे वाचन त्याने तरुणपणीच केले होते.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध सुरू होताच तो सैन्यात दाखल झाला. ब्रँडीवाइन, जर्मनटाउन व मन्मथ येथील लढायांत त्याने भाग घेतला आणि १७७७–७८ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात व्हॅली फोर्ज येथील छावणीतील हालअपेष्टा सोसल्या. तो कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढला. वेगवेगळ्या वसाहतींतून आलेल्या सैनिकांना अन्नवस्त्रांचा पुरवठा करण्यास मध्यवर्ती काँग्रेस असमर्थ ठरत होती, कारण पैशासाठी ती सर्वस्वी घटकराज्यांच्या मर्जीवर अवलंबून होती. दुर्बल मध्यवर्ती सत्तेचे हे दुष्परिणाम त्याने प्रत्यक्ष अनुभवले. त्याच्या पुढील संघराज्यवादी विचारांचे मूळ या अनुभवात आहे.

१७८० मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात जॉर्ज विथ या नामांकित विधिज्ञाची व्याख्याने त्याने काही महिने ऐकली आणि त्याच वर्षी वकिलीची सनद मिळविली. १७८२ मध्ये तो व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर निवडून आला. १७८३ मध्ये मेरी अँब्लर हिच्याशी त्याचा विवाह झाला व रिचमंड येथे तो स्थायिक झाला. लवकरच तेथील अग्रगण्य वकिलांत त्याची गणना होऊ लागली. १७८८ मध्ये नव्या संविधानास अनुमती देण्यासाठी भरलेल्या व्हर्जिनियाच्या परिषदेत पॅट्रिक हेन्रीसारख्या प्रभावी वक्त्याचा विरोध असताना मार्शलने संविधानाचा पुरस्कार केला. विशेषतः न्यायसंस्थेविषयीच्या तरतुदींचे समर्थन त्याने केले. काँग्रेसने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन कायदा केल्यास न्यायाधीश तो निरर्थक ठरवतील, असे त्याने तेथे सांगितले होते. अखेर ८९ विरुद्ध ७९ मतांनी व्हर्जिनियाने संविधान स्वीकारले.

वॉशिंग्टनने देऊ केलेले महान्यायवादीचे पद मार्शलने नाकारले. १७९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स याने फ्रान्सला पाठविलेल्या त्रिसदस्य शिष्टमंडळात मात्र तो सहभागी झाला. फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेरां याच्या हस्तकांनी वाटाघाटींपूर्वी लाच व कर्ज यांची मागणी केली, ती शिष्टमंडळाने मान्य केली नाही. हे प्रकरण ‘एक्स वाय झेड प्रकरण’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामुळे मार्शलची कीर्ती देशभर पसरली. १७९९ मध्ये तो फेडरॅलिस्ट पक्षातर्फे प्रतिनिधिगृहावर निवडून आला आणि १८०० मध्ये ॲडम्सने त्यास परराष्ट्रमंत्री केले.

सरन्यायाधीशपद : १८०० च्या निवडणुकीत फेडरॅलिस्ट पक्षाचा पराभव होऊन जेफर्सनच्या रिपब्लिकन पक्षाकडे सत्ता जाणार, हे निश्चित झाले. सत्तांतरापूर्वीच सरन्यायाधीशपद रिकामे झाले. पहिला सरन्यायाधीश जॉन जे यास पुन्हा ते पद देऊ करण्यात आले. परंतु या न्यायालयास आवश्यक ते वजन व प्रतिष्ठा नाही, असे कारण देऊन त्याने ते नाकारले. तेव्हा ॲडम्सने मार्शलची निवड केली. ४ फेब्रुवारी १८०१ रोजी त्याने पदाची शपथ घेतली. ॲडम्सची मुदत संपेपर्यंत, म्हणजे आणखी एक महिना, परराष्ट्रमंत्र्याचे कामही तोच पाहत होता. न्यायालयास त्या वेळी स्वतःची इमारत नव्हती. संसदभवनातील एका लहानशा खोलीत त्याचे कामकाज चाले.

मार्शलने सर्वप्रथम कामकाजाच्या पद्धतीत बदल केला. पूर्वी इंग्रजी प्रघातानुसार प्रत्येक न्यायाधीश आपले मत स्वतंत्रपणे वाचून दाखवीत असे. त्यामुळे न्यायालयाने नेमके काय ठरविले, हे शोधून काढावे लागे. मार्शलने संपूर्ण न्यायालयातर्फे एकच निर्णयपत्र देण्याची प्रथा पाडली. न्यायाधीश राजधानीत एकाच खाणावळीत राहत, एकत्र जेवत आणि तेथेच खटल्यांची चर्चा करीत. त्याचाही मतैक्यास उपयोग झाला. १८११ नंतर न्यायालयात विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या न्यायाधीशांचे बहुमत झाले. तरीही मार्शलचा प्रभाव ओसरला नाही. त्याच्या कारकीर्दीत न्यायालयाने दिलेल्या हजाराहून अधिक निर्णयांपैकी सुमारे निम्मे त्याने स्वतः लिहिले आणि सांविधानिक प्रश्नावर केवळ एकदाच, १८२७ मधील ऑग्डन वि. साँडर्स या खटल्यात, भिन्नमत नोंदविले. जोसेफ स्टोरी हा व्यासंगी न्यायाधीश १८११ पासून त्याचा निकटचा सहकारी होता.

मारबरी वि. मॅडिसन (१८०३) : न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे संविधानाशी विसंगत असलेला कायदा रद्दबातल ठरविण्याचा न्यायालयाचा अधिकार या खटल्याने प्रस्थापित झाला. ॲडम्सने आपल्या कारकीर्दीच्या अखेरच्या दिवसांत कोलंबिया जिल्ह्यासाठी अनेक शांतता-दंडाधिकारी नेमले. त्यांच्या नियुक्तिपत्रांवर राष्ट्राध्यक्षाची सही झाली, परराष्ट्रमंत्री या नात्याने मार्शलने त्यांवर शासकीय मोहोरही उमटविली; पण घाईगर्दीत काही पत्रे संबंधितांना पोहोचती झाली नाहीत. नवा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन याने ती अडवून ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हा विल्यम मारबरी व अन्य तिघांनी, नवा परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन याने नियुक्तिपत्रे द्यावीत असा परमादेश काढावा, म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला.

न्यायालयापुढील पेच बिकट होता. परमादेश काढला असता, तर जेफर्सनच्या शासनाने तो धुडकावला असता आणि न्यायालयाची दुर्बलता जगजाहीर झाली असती. अर्ज निमूटपणे फेटाळला असता, तर न्यायालय सत्तेपुढे नमले असे दिसले असते. वातावरणही तंग होते. नव्या काँग्रेसने १८०१ चा न्यायसंस्था अधिनियम रद्द केला होता आणि न्यायालयाचे १८०२ मधील सत्रच भरू दिले नव्हते.

२४ फेब्रुवारी १८०३ रोजी मार्शलने एकमताचा निर्णय जाहीर केला. त्याने तीन प्रश्न क्रमाने हाताळले. नियुक्तिपत्रावर मारबरीचा हक्क आहे काय? आहे, कारण सही व मोहोर होताच नियुक्ती पूर्ण झाली. हक्काचा भंग झाला असता कायद्यात त्यावर उपाय आहे काय? आहे, कारण शासकीय अधिकारीही कायद्याला बांधलेला असतो. हा उपाय देण्याचा अधिकार या न्यायालयास आहे काय? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने नकारार्थी दिले. १७८९ च्या न्यायसंस्था अधिनियमातील तेराव्या कलमाने असा परमादेश काढण्याची मूळ अधिकारिता न्यायालयास दिली होती. परंतु संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने मूळ अधिकारितेची क्षेत्रे ठरवून दिली आहेत व त्यांत या प्रकाराचा समावेश नाही. कायद्याने त्यांत भर घालता येत नाही; म्हणून ते कलम संविधानाशी विसंगत व निरर्थक होय, असा निष्कर्ष त्याने काढला.

त्यामागील युक्तिवाद साधा आहे. संविधान हा लोकांनी निर्माण केलेला सर्वश्रेष्ठ कायदा आहे. विधिमंडळाच्या सत्तेवर त्याने लेखी मर्यादा घातल्या आहेत. सामान्य कायद्याने त्या ओलांडता येत असतील, तर त्या लिहून ठेवण्यात अर्थ उरत नाही. कायदा काय आहे हे सांगणे, हे न्यायाधीशाचे कामच आहे. दोन कायदे परस्परविरोधी असतील, तर कोणता लागू होतो हे त्याला ठरवावेच लागते, आणि त्यांतील एक संविधान असेल, तर श्रेष्ठ कायद्याची बाजू घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

निर्णयाचे मर्म असे, की न्यायालयाने एक किरकोळ अधिकार सोडला आणि तो सोडतानाच एक फार मोठा अधिकार स्वतःकडे घेतला. अंमलबजावणी करावी असा कोणताही आदेश निघाला नसल्यामुळे जेफर्सनला अवज्ञा करण्यास जागाच उरली नाही. सहाच दिवसांनी न्यायालयाने स्ट्यूअर्ट वि. लेर्ड या खटल्यात १८०१ चा अधिनियम रद्द करणारा कायदा वैध ठरवून संघर्ष टाळला. पुनर्विलोकनाची कल्पना मार्शलची स्वतःची नव्हती. अलेक्झांडर हॅमिल्टन याने संविधानाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या लेखांत ती मांडली होती, काही घटकराज्यांच्या न्यायालयांनीही ती स्वीकारली होती. मार्शलने तिला राष्ट्रीय न्यायालयाच्या निर्णयाचे अधिष्ठान दिले. या निर्णयावर आक्षेपही घेण्यात आले. ज्या नियुक्तिपत्रांवर आपणच मोहोर उमटविली, त्यांचा खटला मार्शलने चालवावयास नको होता. अधिकारिता नसेल, तर हक्काची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. तेराव्या कलमाचा संविधानाशी सुसंगत अर्थ लावणेही शक्य होते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. मार्शलच्या हयातीत काँग्रेसचा दुसरा कोणताही कायदा न्यायालयाने रद्द केला नाही. तसा पुढचा प्रसंग १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात आला.

न्यायसंस्था व कार्यकारी सत्ता यांमधील ताण मात्र कायम राहिला. प्रतिनिधिगृहाने न्यायाधीश सॅम्युएल चेस याच्यावर महाभियोग आणला. सिनेटने १८०५ मध्ये त्यास दोषमुक्त केले. केवळ मतांवरून न्यायाधीशास पदच्युत करू नये, हा संकेत त्यामुळे रूढ झाला. १८०७ मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर याच्यावरील देशद्रोहाचा खटला रिचमंड येथे मार्शलपुढे चालला. त्याने कागदपत्रे सादर करण्याविषयी खुद्द राष्ट्राध्यक्षावर समन्स काढले. देशद्रोहासाठी प्रत्यक्ष कृती व तिचे दोन साक्षीदार हवेत, ही संविधानातील अट त्याने काटेकोरपणे लावली आणि बर निर्दोष सुटला.

संघराज्याची उभारणी : मार्शलच्या पुढील निर्णयांचा रोख मुख्यतः घटकराज्यांच्या कायद्यांवर होता. फ्लेचर वि. पेक (१८१०) या खटल्यात जॉर्जिया राज्याने जमीनविक्री रद्द करण्यासाठी केलेला कायदा त्याने अवैध ठरविला. मूळ विक्रीत आमदारांची लाचखोरी झाली असली, तरी नंतर प्रामाणिकपणे जमीन विकत घेणाऱ्यांचे हक्क हिरावता येत नाहीत, असे त्याने म्हटले. राज्याचा कायदा संविधानविरोधी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्याचे हे पहिले उदाहरण होय. डार्टमथ कॉलेज वि. वुडवर्ड (१८१९) या खटल्यात महाविद्यालयाची १७६९ ची सनद हा एक करार असून राज्याला तो एकतर्फी बदलता येत नाही, असा निर्णय झाला. खाजगी शिक्षणसंस्थांना, तसेच पुढे व्यापारी मंडळांना या निर्णयाने मोठे संरक्षण लाभले.

मॅकलक वि. मेरिलंड (१८१९) हा मार्शलचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानला जातो. काँग्रेसने १८१६ मध्ये राष्ट्रीय बँक स्थापन केली. मेरिलंड राज्याने तिच्या बॉल्टिमोर शाखेवर जबर कर बसविला आणि शाखेचा रोखपाल जेम्स मॅकलक याने तो भरण्यास नकार दिला. बँक स्थापण्याचा अधिकार संविधानात कोठेही स्पष्टपणे नमूद नव्हता. मार्शलने प्रतिपादन केले, की संविधान म्हणजे बारीकसारीक तपशिलांची संहिता नव्हे. त्यात मोठी उद्दिष्टे सांगितलेली असतात. उद्दिष्ट वैध व सत्तेच्या कक्षेतील असेल, तर ते साधण्यास योग्य व निषिद्ध नसलेली सर्व साधने काँग्रेसला वापरता येतात. यालाच गर्भित अधिकारांचा सिद्धांत म्हणतात. कर बसविण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार अंतर्भूत असतो. म्हणून एका राज्याने समग्र राष्ट्राच्या संस्थेवर कर लादणे अवैध होय, असेही त्याने ठरविले. व्हर्जिनियात या निर्णयावर एवढी टीका झाली, की मार्शलने टोपणनावाने वृत्तपत्रांत लेख लिहून तिला उत्तरे दिली.

कोहेन्स वि. व्हर्जिनिया (१८२१) या खटल्यात सोडतीची तिकिटे विकल्याबद्दल राज्याने दोघा भावांना शंभर डॉलर दंड केला होता. राज्याच्या न्यायालयाने दिलेल्या फौजदारी निर्णयावरही, त्यात संघीय कायद्याचा प्रश्न असल्यास, सर्वोच्च न्यायालयाकडे अपील होऊ शकते, असे मार्शलने ठामपणे सांगितले. दंड मात्र त्याने कायम ठेवला. मारबरी खटल्यातील मार्गच येथे पुन्हा दिसतो. राज्याला खटला जिंकू देऊन त्याने तत्त्व पदरात पाडून घेतले. गिबन्झ वि. ऑग्डन (१८२४) या खटल्यात न्यूयॉर्क राज्याने वाफेच्या बोटींच्या वाहतुकीची दिलेली मक्तेदारी अवैध ठरली. व्यापार म्हणजे केवळ खरेदी-विक्री नव्हे, त्यात नौकानयनही येते आणि आंतरराज्य व्यापाराचे विनियमन करण्याचा काँग्रेसचा अधिकार राज्यांच्या सीमांवर थांबत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. अमेरिकेची एकसंध बाजारपेठ या तत्त्वावर उभी राहिली. विसाव्या शतकात कामगार व नागरी हक्कांविषयीच्या संघीय कायद्यांनाही याच अधिकाराचा आधार मिळाला. बॅरन वि. बॉल्टिमोर (१८३३) या खटल्यात मात्र संविधानातील हक्कांची सनद घटकराज्यांना लागू होत नाही, असा त्याने निर्णय दिला.

मर्यादा : न्यायालयाचा शब्द केवळ कागदावर राहू शकतो, याचे दर्शन मार्शलच्या अखेरच्या वर्षांत घडले. जॉर्जिया राज्य चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या भूमीवर स्वतःचे कायदे लादत होते. चेरोकी नेशन वि. जॉर्जिया (१८३१) या खटल्यात, ही जमात परकीय राष्ट्र नसल्यामुळे तिचा दावा येथे दाखल होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढील वर्षीच्या वुस्टर वि. जॉर्जिया या खटल्यात मात्र चेरोकी भूमीत राज्याच्या कायद्यांचा अंमल चालू शकत नाही, असा स्पष्ट निर्णय मार्शलने दिला. जॉर्जियाने तो मानला नाही आणि राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॅक्सन यानेही तो मानावयास लावला नाही. मार्शलने निर्णय दिला, आता त्यानेच तो अंमलात आणावा, असे उद्गार जॅक्सनच्या तोंडी घातले जातात. पण त्यांस समकालीन पुरावा नाही. १८३८–३९ मध्ये चेरोकींना बळाने पश्चिमेकडे हाकलण्यात आले. त्या प्रवासात हजारो लोक मृत्युमुखी पडले. या जमातींच्या भूमीवरील पूर्ण मालकी हक्क नाकारणारा जॉन्सन वि. मॅकिन्टॉश (१८२३) हा निर्णयही मार्शलचाच होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

गुलामगिरीसंबंधी मार्शलची भूमिका अधिक सदोष होती. तो स्वतः गुलामांचा मालक होता. अँटिलोप खटल्यात (१८२५) गुलामांचा व्यापार निसर्गनियमाच्या विरुद्ध असला, तरी राष्ट्रांच्या कायद्याविरुद्ध नाही, असे त्याने म्हटले. आयुष्यभरात त्याच्या मालकीत शेकडो गुलाम होते आणि स्वातंत्र्य मागणाऱ्या गुलामांच्या दाव्यांत त्याचे निर्णय बहुधा मालकांच्या बाजूने झाले, हे २०१८ मध्ये प्रकाशित झालेल्या संशोधनाने पुढे आणले. त्यानंतर शिकागो व क्लीव्हलंड येथील विधी महाविद्यालयांनी अनुक्रमे २०२१ व २०२२ मध्ये आपल्या नावातून मार्शलचे नाव वगळले. लेखी मर्यादांनी सत्तेस बांधणाऱ्या या न्यायाधीशाने सर्वांत असहाय माणसांवरील सत्तेस मात्र फारशी मर्यादा घातली नाही.

व्यक्तिमत्त्व व अखेर : मार्शल उंच, शिडशिडीत व वेशभूषेत बेफिकीर होता. रिचमंडच्या बाजारात तो स्वतः जाऊन भाजीपाला आणी. लोखंडी कडी खुंटीवर फेकण्याच्या खेळात तो रमत असे. त्याचे विधिग्रंथांचे वाचन अनेक समकालीनांपेक्षा कमी होते. निर्णयपत्रांत पूर्वीचे दाखलेही तो क्वचितच देई. एका मान्य विधानापासून पायरीपायरीने अपरिहार्य वाटणाऱ्या निष्कर्षाकडे नेणे, ही त्याची शैली होती. द लाइफ ऑफ जॉर्ज वॉशिंग्टन हे त्याचे पाच खंडांतील चरित्र १८०४ ते १८०७ या काळात प्रसिद्ध झाले. १८२९–३० मधील व्हर्जिनियाच्या संविधान परिषदेत उतारवयातही त्याने न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरला. १८३१ मध्ये पत्नीच्या निधनाने तो खचला. फिलाडेल्फिया येथे त्याचे निधन झाले व रिचमंड येथे पत्नीशेजारी त्याचे दफन करण्यात आले. त्याच्यानंतर रॉजर टॉनी हा सरन्यायाधीश झाला.

प्रभाव : लेखी संविधान स्वीकारणाऱ्या अनेक देशांनी पुनर्विलोकनाचे तत्त्व कमीअधिक प्रमाणात स्वीकारले. भारतात ते अनुमानावर सोडलेले नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरतील, असे संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात स्पष्टपणे म्हटले आहे आणि त्या हक्कांच्या अंमलबजावणीसाठी बत्तिसाव्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाकडे थेट दाद मागता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या अनुच्छेदास संविधानाचा आत्मा व हृदय म्हटले होते. मारबरीला मूळ अधिकारितेच्या अभावी जो परमादेश मिळू शकला नाही, तो मूलभूत हक्कांच्या संरक्षणासाठी काढण्याचा अधिकार भारताच्या सर्वोच्च न्यायालयास संविधानानेच दिला आहे. गोपालन खटल्यात (१९५०) सरन्यायाधीश कानिया यांनी तेरावा अनुच्छेद अधिक सावधगिरी म्हणून घातला असून, तो नसता तरी न्यायालयास हा अधिकार असता, असे मत मांडले. हा विचार मार्शलच्या युक्तिवादाशी जुळणारा आहे. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) सर्वोच्च न्यायालय त्याही पुढे गेले आणि संविधानाची मूलभूत चौकट मोडणारी घटनादुरुस्तीही अवैध ठरू शकते, असे त्याने ठरविले. पुनर्विलोकन हा त्या चौकटीचाच भाग असल्याचे मिनर्व्हा मिल्स (१९८०) व एल. चंद्रकुमार (१९९७) या खटल्यांत स्पष्ट झाले.

लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचा कायदा न निवडलेल्या न्यायाधीशांनी रद्द करावा काय, हा मार्शलच्या काळी विचारला गेलेला प्रश्न अद्याप मिटलेला नाही. निर्णय कारणांसह लिहावा, शक्यतो एकमुखाने द्यावा आणि सत्ता आपली की दुसऱ्याची हे न पाहता संविधानाच्या शब्दाशी तो जोडून दाखवावा, हा मार्शलचा दंडक मात्र त्या वादातील दोन्ही पक्षांना मान्य आहे. न्यायालयाचे बळ आज्ञेत नसून कारणांत असते, हा त्याच्या कारकीर्दीचा धडा होय. आणि ती कारणे ऐकण्याची तयारी राज्यकर्त्यांत व समाजात नसेल, तर ते बळही अपुरे पडते, हा चेरोकींच्या शोकांतिकेने दिलेला धडाही त्याच कारकीर्दीचा भाग आहे.